एक्केचाळीस दिवसांची आघाडी : पूर्व जर्मनी, १९९०



बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. ३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही जर्मनी एकत्र आले, हेही बहुतेकांना माहीत असतं. पण या दोन तारखांच्या मध्ये जवळजवळ अकरा महिने आहेत. या अकरा महिन्यांत पूर्व जर्मनी हा देश होता, त्याला सरकार होतं, संसद होती, आणि त्याच्या इतिहासातली एकमेव खरी मुक्त संसदीय निवडणूक याच काळात झाली. ती निवडणूक जिंकली एका आघाडीने. ही आघाडी ५ फेब्रुवारी १९९० ला जाहीर झाली आणि मतदान १८ मार्चला झालं. म्हणजे निवडणूक लढवणारी आघाडी म्हणून तिचं आयुष्य एक्केचाळीस दिवसांचं. तिचं नाव होतं ‘अलायन्झ फ्यूर डॉइचलांट’, म्हणजे ‘जर्मनीसाठी आघाडी’. आज आपण तिच्याबद्दल बोलणार आहोत.

एवढ्या अल्पायुषी आघाडीवर तासभर का घालवायचा? कारण तिच्याबद्दल दोन सोपी मतं प्रचलित आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. एक मत असं, की ही आघाडी पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल यांनी उभी केलेली बाहुली होती. दुसरं मत असं, की जनतेने स्वातंत्र्याला मत दिलं आणि विषय संपला. प्रत्यक्षात काय झालं ते बघू.

आधी पार्श्वभूमी. कम्युनिस्ट राजवट म्हटलं की एकच पक्ष, असं आपण धरून चालतो. पूर्व जर्मनीत कागदावर पाच पक्ष होते. सत्ताधारी ‘एसईडी’, म्हणजे समाजवादी एकता पक्ष, आणि त्याच्यासोबत चार छोटे पक्ष : ख्रिश्चन डेमोक्रॅट्स, म्हणजे सीडीयू, लिबरल, नॅशनल डेमोक्रॅट्स आणि शेतकरी पक्ष. या सगळ्यांची मिळून एक ‘राष्ट्रीय आघाडी’ आणि निवडणुकीत तिची एकच यादी. मतदाराने काय करायचं? कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा. लोक थट्टेने मतदानाला ‘घडी घालायला जाणं’ म्हणायचे. ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत यादीच्या बाजूने ९८.८५ टक्के मतं पडली, असं सरकारने जाहीर केलं. पण या वेळी चर्चच्या आसऱ्याने काम करणारे कार्यकर्ते मतमोजणीला जाऊन बसले होते. त्यांनी आकडे टिपले, बेरीज केली, आणि ती सरकारच्या बेरजेशी जुळेना. शरद ऋतूत जे आंदोलन पेटलं, त्याच्या कारणांमधलं हे एक महत्त्वाचं कारण.

पुढचा क्रम भराभर सांगतो. ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सुमारे ७० हजार लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला नाही. १८ ऑक्टोबरला होनेकर गेले. ९ नोव्हेंबरला भिंत उघडली. काही दिवसांतच हान्स मोड्रो पंतप्रधान झाले. १ डिसेंबरला संसदेने, म्हणजे ‘फोल्क्सकामर’ने, राज्यघटनेतून एसईडीचं नेतृत्वाचं स्थान काढून टाकलं. ७ डिसेंबरपासून बर्लिनमध्ये जुने पक्ष आणि नव्या संघटना एका गोलमेजाभोवती बसू लागल्या. मुक्त निवडणूक आधी ६ मेला ठरली होती. पण देश इतक्या वेगाने विस्कटत होता, की जानेवारीच्या शेवटी ती १८ मार्चवर आणण्यात आली.

विस्कटत होता म्हणजे काय? लोक निघून जात होते. १९८९ या एका वर्षात सुमारे ३ लाख ४० हजार माणसं पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली. जानेवारी १९९० मध्येही रोज साधारण दोन हजार माणसं जात होती. त्यात तरुण जास्त. डॉक्टर, नर्सेस, कुशल कामगार. ज्या इस्पितळातून डॉक्टर निघून गेले, तिथल्या रुग्णाला ‘आपण सावकाश नवी राज्यघटना लिहू’ हे कसं पटणार? मोर्च्यांतली एक घोषणा अशी होती, की पश्चिमेचा मार्क इथे आला तर आम्ही राहू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ. ती घोषणा लक्षात ठेवा. पुढचं जवळजवळ सगळं राजकारण तिच्यात आहे.

आता कोल यांची अडचण बघा. त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना, म्हणजे सोशल डेमोक्रॅट्सना, पूर्वेत आयता जोडीदार मिळाला होता. तिथला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष ऑक्टोबर १९८९ मध्ये नव्याने स्थापन झाला होता. नाव तेच, पाटी कोरी, जुन्या राजवटीचा डाग नाही. जनमत चाचण्यांत हाच पक्ष पुढे दिसत होता. कोल यांच्या पक्षाच्या नावाचाही पक्ष पूर्वेत होता. पण तो चाळीस वर्षं एसईडीच्या शेजारी बसून माना डोलावत आला होता, आणि मोड्रो यांच्या सरकारातही होता. अशा पक्षांच्या लोकांना जर्मन माणूस ‘ब्लॉकफ्लोटे’ म्हणायचा. शाळेत मुलं शिकतात त्या साध्या बासरीचं हे नाव. ‘ब्लॉक’ म्हणजे त्या पक्षांचा गट, आणि बासरी म्हणजे जो फुंकेल त्याच्या सुरात वाजणारी वस्तू.

मग या डागाळलेल्या पक्षाला दूर ठेवायचं? तेही परवडणारं नव्हतं. कारण त्याच्याकडे काय होतं ते बघा : गावोगाव शाखा, कार्यालयं, स्वतःची वर्तमानपत्रं, एक लाखाहून जास्त सदस्य. दीड-दोन महिन्यांत निवडणूक लढवायची तर हे सगळं शून्यातून कुठून उभं करणार?

यावर तोडगा म्हणजे ही आघाडी. तीन पक्ष एकत्र आले. पहिला ही पूर्वेची सीडीयू. तिचे नवे अध्यक्ष होते लोथार द मेझिएर. मूळचे व्हायोलावादक, नंतर वकील झालेले, अंगकाठीने किरकोळ आणि बोलायला सौम्य. दुसरा ‘डेमोक्राटिशर आउफब्रुख’. याचा अर्थ साधारण ‘लोकशाहीकडे प्रस्थान’. हा आंदोलनातून आलेला पक्ष होता. अध्यक्ष वोल्फगांग श्नूर हे वकील, राजवटीला नको असलेल्यांची वकीलपत्रं घेणारे म्हणून माहीत होते. सोबत पाद्री राइनर एपेलमान. आणि तिसरा ‘डीएसयू’, जर्मन सोशल युनियन. हा जानेवारी १९९० मध्ये लाइपझिगमध्ये स्थापन झाला, त्याचे प्रमुख हान्स-व्हिल्हेल्म एबेलिंग हेही पाद्री, आणि त्याच्या पाठीशी बव्हेरियातला सीएसयू पक्ष होता.

आता हिशेब कळला? एकाकडे यंत्रणा होती पण अब्रू नव्हती. दुसऱ्याकडे अब्रू होती पण यंत्रणा नव्हती. तिसऱ्याकडे धार होती, म्हणजे समाजवादाचं नावही नको असं उघड म्हणण्याची तयारी होती. आणि तिघांच्या डोक्यावर कोल यांचा हात.

यात एक तांत्रिक मुद्दा आहे, तो समजून घ्या. आपल्याकडे आघाडी म्हटलं की पहिला शब्द येतो जागावाटप. इथे जागावाटप नव्हतंच. तिन्ही पक्षांच्या याद्या वेगळ्या होत्या. निवडणूक शुद्ध प्रमाणशीर पद्धतीची होती, आणि संसदेत यायला पाच टक्क्यांसारखी किमान अटही नव्हती. त्यामुळे वेगळं लढल्याने कुणाचं मत वाया जाणार नव्हतं. मग आघाडीत सामायिक काय होतं? व्यासपीठ, जाहीरनामा आणि सभेला येणारे कोल. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोल यांनी पूर्वेत सहा मोठ्या सभा घेतल्या. २० फेब्रुवारीला एरफुर्टपासून सुरुवात, आणि १४ मार्चला लाइपझिगमध्ये शेवट. गोलमेजाने ठराव केला होता, की पश्चिमेच्या नेत्यांना प्रचारसभांत वक्ते म्हणून आणू नये. तो ठराव मोठ्या पक्षांपैकी कुणीच पाळला नाही. सोशल डेमोक्रॅट्सनीही व्हिली ब्रांट यांना आणलंच.

जाहीरनाम्याचा गाभा एका शब्दात सांगता येतो : लवकर. पश्चिमेचा मार्क लवकर आणि एकीकरण लवकर. एकीकरणाला कायदेशीर वाटा दोन होत्या. पश्चिमेच्या मूलभूत कायद्याचं कलम १४६ सांगत होतं, की जर्मन जनता स्वतंत्रपणे नवी राज्यघटना स्वीकारू शकेल. म्हणजे दोघांनी बसून नवं घर बांधायचं. कलम २३ सांगत होतं, की जर्मनीचे इतर भाग या कायद्याच्या कक्षेत सामील होऊ शकतात. म्हणजे तयार घरात राहायला जायचं. आघाडीने कलम २३ धरलं. आंदोलनातल्या संघटनांनी याविरुद्ध एक पोस्टर काढलं होतं : ‘या क्रमांकावर जोडणी होत नाही.’ टेलिफोनवर ऐकू येणारं हे वाक्य. पण जोडणीसाठीचा जर्मन शब्द ‘आन्श्लुस’. हिटलरने १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला, त्यालाही हाच शब्द. पोस्टर हुशार होतं. मतं मात्र फारशी मिळाली नाहीत.

मतदानाला चार दिवस उरले असताना आघाडीला धक्का बसला. श्नूर, म्हणजे अब्रू असलेल्या पक्षाचा अध्यक्ष, अनेक वर्षं गुप्त पोलिसांचा, म्हणजे स्टासीचा खबऱ्या होता हे बाहेर आलं. ज्यांची वकीलपत्रं घेतली, त्यांचीच माहिती पोचवत होता. आधी त्याने इन्कार केला, मग १४ मार्चला राजीनामा दिला. जी आघाडी एका पक्षाचा डाग दुसऱ्या पक्षाच्या स्वच्छ पदराने पुसायला निघाली होती, तिच्या त्या पदरालाच डाग निघाला. त्या वेळी या पक्षाची पत्रकारांशी बोलण्याची जबाबदारी होती पस्तीस वर्षांच्या एका भौतिकशास्त्रज्ञ बाईंकडे. नाव अँगेला मर्केल.

१८ मार्चला ९३.४ टक्के मतदान झालं. निकाल असा. सीडीयूला ४०.८ टक्के, डीएसयूला ६.३, आणि डेमोक्राटिशर आउफब्रुखला अवघे ०.९ टक्के. आघाडीची बेरीज ४८ टक्के, ४०० पैकी १९२ जागा. आघाडीवर आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्या सोशल डेमोक्रॅट्सना २१.९ टक्के. जुन्या सत्ताधाऱ्यांच्या नव्या अवताराला, पीडीएसला, १६.४ टक्के. आणि ‘न्यूएस फोरम’सह ज्या संघटनांनी रस्त्यावर उतरून ही राजवट हलवली, त्यांच्या ‘ब्युंडनिस ९०’ला २.९ टक्के.

या आकड्यांकडे थोडं थांबून बघू या. मतदारांनी डागाळलेल्या पक्षाला भरभरून मतं दिली आणि आंदोलनातून आलेल्या पक्षाला एक टक्काही दिला नाही. यावरून कुणी म्हणेल, की लोकांना नैतिकतेचं काही पडलेलं नव्हतं. मला ते पटत नाही. लोक पूर्वेच्या पक्षांमधून निवड करतच नव्हते. मतपत्रिकेवर तीन अक्षरं होती, सी-डी-यू, आणि त्या अक्षरांमागे पश्चिमेचं सरकार होतं. मार्क देऊ शकणारं सरकार तेच होतं. सॅक्सनी आणि थुरिंगिया हा कारखान्यांचा पट्टा, तिथे कामगारांनी आघाडीला उचलून धरलं. पूर्व बर्लिनमध्ये, जिथे सरकारी नोकरदार आणि बुद्धिजीवी जास्त, तिथे सोशल डेमोक्रॅट्स पहिले आणि पीडीएस दुसरा. म्हणजे कामगारांच्या नावाने चाललेली राजवट कामगारांनीच सगळ्यात ठामपणे नाकारली.

म्हणून ‘बाहुली’ हे वर्णन अपुरं पडतं. पैसा पश्चिमेतून आला, वक्ते आले, पत्रकं आली, हे सगळं खरं. पण ज्या लोकांनी चाळीस वर्षं कागदाला नुसती घडी घातली, त्यांच्यापैकी ९३ टक्के लोक पहिल्यांदा खरं मत द्यायला गेले. ते मत विकत घेतलेलं होतं असं म्हणणं, हा त्यांचा अपमान आहे.

पुढे काय झालं? १९२ जागा म्हणजे बहुमताला नऊ कमी. लिबरलांच्या २१ घेतल्या तर साधं बहुमत होत होतं. पण राज्यघटना बदलायला दोन तृतीयांश लागतात, म्हणजे २६७. त्यामुळे द मेझिएर यांनी सोशल डेमोक्रॅट्सनाही सोबत घेतलं, आणि १२ एप्रिलला व्यापक आघाडीचं सरकार आलं. म्हणजे निवडणूक जिंकलेली आघाडी सरकार बनताक्षणीच एका मोठ्या आघाडीत विरघळायला लागली. त्याच दिवशी संसदेने एक निवेदन मंजूर केलं. ज्यूंच्या संहाराची जबाबदारी मान्य केली, क्षमा मागितली, १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया चिरडण्यातल्या सहभागाबद्दलही माफी मागितली, आणि पोलंडची सीमा बदलणार नाही असं सांगितलं. हे सगळं या संसदेने पहिल्या काही दिवसांत म्हटलं. हे श्रेय तिला द्यायलाच हवं.

मग सुरू झाली कायद्यांची धाव. एप्रिल ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत ३८ बैठका आणि १६४ कायदे. बहुतेक खासदार पहिल्यांदाच संसदेत आलेले. गोलमेजाने तयार केलेला नव्या राज्यघटनेचा मसुदा एप्रिलमध्ये पुढे आला आणि संसदेने तो समितीकडेही पाठवला नाही. वेळच नव्हता. आणि खरं सांगायचं तर, जो देश काही महिन्यांत नसणार आहे त्याला राज्यघटना कशाला, असा तो विचार होता.

सगळ्यात मोठा निर्णय चलनाचा. १ जुलै १९९० ला पूर्वेत पश्चिमेचा मार्क आला. पगार एकास एक दराने बदलले. बचतीतही वयानुसार ठरावीक रक्कम एकास एक दराने मिळाली : लहान मुलांना २ हजारांपर्यंत, मोठ्यांना ४ हजारांपर्यंत, साठीच्या पुढच्यांना ६ हजारांपर्यंत. त्यावरची रक्कम दोनास एक. पश्चिमेच्या मध्यवर्ती बँकेने सर्वसाधारणपणे दोनास एक दर सुचवला होता. ते बाहेर फुटताच पूर्वेत मोठे मोर्चे निघाले, आणि सरकार मागे सरलं.

सामान्य माणसाच्या बाजूने बघितलं तर एकास एक हा न्याय होता. आयुष्यभराची बचत अर्धी कोण करू देईल? पण कारखान्याच्या बाजूने बघा. निर्यातीच्या हिशेबात पश्चिमेचा एक मार्क कमावायला पूर्वेच्या कारखान्यांना स्वतःचे चारहून अधिक मार्क खर्ची पडत होते. आता पगार, कर्ज, कच्चा माल सगळंच पश्चिमेच्या मार्कात. एका रात्रीत त्यांचा माल कित्येक पटींनी महाग झाला. घरच्या बाजारातही तेच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुकानांतून पूर्वेचं दूध, लोणची, कॉफी गायब, आणि जागेवर पश्चिमेचे रंगीत डबे. ज्यांनी स्वतःच्या कारखान्याचा माल घेणं थांबवलं, तेच त्या कारखान्यात कामाला होते. वर्ष संपेपर्यंत औद्योगिक उत्पादन आदल्या वर्षाच्या सुमारे निम्म्यावर आलं. आणि हे कारखाने विकण्याचं काम ‘ट्रॉयहांट’ या विश्वस्त संस्थेकडे होतं : सुमारे साडेआठ हजार उद्योग आणि ४० लाखांच्या आसपास कामगार. पूर्वेत आजही हे नाव कडवटपणे घेतलं जातं.

इकडे आघाडीचं काय झालं? जून संपता संपता एबेलिंग आणि गृहमंत्री पेटर-मिशाएल डीस्टेल यांनी डीएसयू सोडला. पक्ष फार उजवीकडे चालला, असं त्यांचं म्हणणं. जुलैत लिबरल सरकारमधून बाहेर पडले. ऑगस्टच्या सुरुवातीला डेमोक्राटिशर आउफब्रुख सीडीयूत विलीन झाला. मग द मेझिएर यांनी सोशल डेमोक्रॅट अर्थमंत्र्याला काढलं आणि तो पक्षही गेला. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी सरकार जवळजवळ एकट्या सीडीयूचं उरलं. तरीही २३ ऑगस्टला संसदेने एकीकरणाचा ठराव केला : बाजूने २९४, विरुद्ध ६२, तटस्थ ७. कलम २३ प्रमाणे, ३ ऑक्टोबरपासून. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत हाम्बुर्गच्या अधिवेशनात पूर्वेची सीडीयू पश्चिमेच्या सीडीयूत विलीन झाली. डिसेंबरच्या एकत्रित निवडणुकीत डीएसयूला एकही जागा मिळाली नाही. आणि गंमत बघा, मार्चमध्ये हरलेल्या ब्युंडनिस ९० ने पूर्वेच्या हरितांना सोबत घेऊन आठ जागा मिळवल्या. द मेझिएर यांच्यावरही स्टासीशी संबंधाचे आरोप झाले. त्यांनी ते नाकारले, पण डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिपद सोडलं. मर्केल पुढे सोळा वर्षं चान्सलर होत्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही आघाडी फसली का? एका अर्थी अजिबात नाही. जे सांगितलं ते तिने सात महिन्यांत केलं. मार्क आणला, एकीकरण आणलं. इतकं अचूक वचन पाळणारी आघाडी विरळाच. तिच्या घाईलाही कारण होतं. माणसं निघून जात होती, आणि मॉस्कोत गोर्बाचेव्ह किती दिवस टिकतील याची खात्री नव्हती. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्याविरुद्ध बंडाचा प्रयत्न झाला. थांबले असते तर संधी हुकली असती, हे म्हणणं सहज झटकता येत नाही.

पण दुसरी बाजूही खरी आहे. १८ मार्चला लोकांसमोर प्रश्न एकच होता : किती लवकर? त्यांनी उत्तर दिलं. कारखान्यांचं काय, जमिनी आणि घरं परत कुणाला, मालमत्ता विकणाऱ्या संस्थेवर देखरेख कुणाची, हे प्रश्न प्रचारात जवळजवळ नव्हतेच. ते सगळे नंतर, घाईत, बहुतांशी बॉनच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या मसुद्यांवर सुटले. आणि जेव्हा त्याचे परिणाम दिसू लागले, तेव्हा ज्यांना मत दिलं होतं त्यांना जाब विचारायला जागाच उरली नव्हती. पक्ष विलीन झाले होते, संसद बरखास्त झाली होती, देश नकाशावरून गेला होता. मतदाराने दिलेला कौल चुकीचा नव्हता. पण निवडून दिलेल्यांना पुढच्या निवडणुकीत पाडण्याचा जो हक्क लोकशाहीत असतो, तो पूर्व जर्मनीच्या मतदाराला कधी वापरताच आला नाही. पुढच्या वेळी तो मोठ्या देशातला पाचांपैकी एक मतदार होता.

पूर्वेत आज जो राग दिसतो, ‘आमचं कुणी ऐकत नाही’ ही जी भावना दिसते, तिची कारणं बरीच आहेत आणि सगळी १९९० मध्ये शोधणं बरोबर नाही. पण तिचं एक मूळ इथे आहे. कुठल्याही आघाडीचा जाहीरनामा एका शब्दात मावत असेल, तर त्या शब्दाबाहेर काय काय राहिलंय हे मतदानाच्या आधी विचारावं लागतं. नंतर विचारायला समोर कुणी असेलच असं नाही.

आज इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.